सर्व्हिस रोडला काय म्हणावे? नवनकाशाकारांसाठी संपूर्ण गाइड (स्वाध्यायासह)

नकाशा काढणं हे पूर्वी सरकारचं, सैन्याचं किंवा फार तर भूगोलाच्या मास्तरांचं काम होतं. मास्तर फळ्यावर एका दमात महाराष्ट्र काढायचे, सिंधुदुर्गापाशी खडू तुटायचा, आणि कोकण कायमचं थोडं आखूड राहायचं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नसे. २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला आणि फळा सगळ्या जगासाठी खुला झाला. आता कुणीही उठावं, खातं उघडावं आणि जगाच्या नकाशात स्वतःची गल्ली काढावी. पगार नाही, रजा नाही, चूक झाली तर दाखवायला हजारो लोक हजर. मराठी माणसाला याहून काय हवं?

प्रस्तुत गाइड अशाच होतकरू मंडळींसाठी आहे. लेखक पुण्यात, बायपासला लागून असलेल्या सर्व्हिस रोडवर राहतो. एवढीच त्याची पात्रता.

लागणारे साहित्य

मोबाइल एक. चपलांचा जोड एक, झिजलेला चालेल. भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभं राहून रस्त्याकडेच टक लावून बघण्याइतका निर्लज्जपणा. आणि जवळच्या टपरीवर दोन कटिंगचे पैसे, कारण खरी माहिती तिथेच मिळते आणि ती फुकट मागणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा नकाशा समोर ठेवून उतरवायचा नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात बघण्याचाच हा प्रकार आहे, आणि इथेही शेजाऱ्याच्या चुका तुमच्या पेपरात आल्या की पकडले जाता.

प्रकरण १ : शब्दार्थ

या नकाशाचा शब्दकोश इंग्लंडातून आला आहे. त्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच घात होतो.

हायवे : म्हणजे कुठलीही वाट. सहापदरी रस्ता हा हायवे, शेताच्या बांधावरची पायवाट हाही हायवे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हासुद्धा या नकाशाच्या लेखी एक हायवेच, प्रकार ‘पायऱ्या’. रोज सकाळी धापा टाकत पर्वती चढणाऱ्या आजोबांना हे सांगू नये. टोल कुठे भरायचा, असं विचारतील.

ट्रंक : आजीची लोखंडी पेटी नव्हे. ट्रंककॉलमधली ट्रंक. मोठी शहरं जोडणारा, पण पूर्ण बंदिस्त नसलेला मुख्य रस्ता.

मोटरवे : बंदिस्त, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येईल असा द्रुतगती मार्ग.

अनक्लासिफाइड : इथे नवशिक्यांची पहिली विकेट पडते. याचा अर्थ ‘वर्ग ठरलेला नाही’ असा नसून, अनक्लासिफाइड हाच एक वर्ग आहे! खेडी-वस्त्या जोडणारा लहान रस्ता. ज्याचा वर्ग खरोखरच ठाऊक नाही, त्याच्यासाठी नुसतं ‘रोड’ असं वेगळं खूणनाव आहे. शाळेत ‘इतर’ या रकान्यात वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांना हे लगेच समजेल.

सर्व्हिस : यावर पूर्ण प्रकरण ५ खर्ची घातलं आहे. तूर्त एवढंच ध्यानात ठेवा, की सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस रोड नाही.

प्रकरण २ : रस्त्याची पायरी ठरवणे

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड कुणी लावली, असं विचारलं तर थेट नागपूरकडे बोट दाखवावं. १९४३ साली देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तिथे रस्त्यांच्या पायऱ्या ठरल्या. आजच्या भाषेत त्या अशा : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. आपल्याकडचे नकाशाकार ढोबळमानाने या पायऱ्यांना इंग्लंडातल्या पायऱ्या चिकटवतात : राष्ट्रीय म्हणजे ट्रंक, राज्य म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा म्हणजे सेकंडरी, इतर जिल्हा म्हणजे टर्शरी आणि ग्रामीण म्हणजे आपला अनक्लासिफाइड.

रस्त्यात उभं राहून पायरी कशी ओळखायची? किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य, नारिंगी असेल तर ग्रामीण. दगडाला गेरू फासून कुणी हार घातला असेल, तर नमस्कार करा आणि पुढच्या दगडापर्यंत चाला.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड भाग असा, की रस्त्याचं नाव आणि रस्त्याचं काम यांचं जमतंच असं नाही. मुंबईतला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे घ्या. नावात ‘एक्स्प्रेस’ आहे. पण त्यावर रिक्षा धावतात, दुचाक्या धावतात आणि संध्याकाळी सहानंतर कुणीच धावत नाही. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ९४.५ किलोमीटर, दुचाकी-रिक्षाला बंदी, वाटेल तिथून घुसायला मज्जाव. हा खराखुरा मोटरवे. वर्ग पाटी वाचून द्यायचा नसतो, वाहतूक बघून द्यायचा असतो. बोरघाटात तर खंडाळ्याच्या अंगाला जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच डांबरावरून जात आले आहेत. कित्येक नवे नकाशाकार त्या तुकड्यापाशी येऊन थबकतात, दोन रंगांच्या मध्ये बोट नाचवतात आणि शेवटी चहा प्यायला उठतात.

एक मोह आवर्जून टाळा. स्वतःच्या सोसायटीसमोरचा रस्ता ‘प्रायमरी’ केला, तर तो नकाशात जाड आणि रंगीत दिसतो. यामुळे फ्लॅटची किंमत वाढत नाही. फक्त सगळ्या ट्रकवाल्यांचे फोन त्यांना तुमच्या फाटकासमोरून न्यायला लागतात, आणि मग सोसायटीच्या सभेत हा उद्योग कुणाचा, यावर चर्चा होते.

प्रकरण ३ : क्रमांक

२०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. पद्धत मोठी सुबक आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. त्यामुळे ४८ म्हणजे दिल्लीहून मुंबई-पुण्यामार्गे चेन्नईला उतरणारा, ६६ म्हणजे त्याच्याही पश्चिमेला, पनवेलहून कोकण-गोव्यातून थेट कन्याकुमारी गाठणारा, आणि ६५ म्हणजे पुण्याहून सोलापूर-हैदराबादकडे आडवा जाणारा. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे घराणं सांगतात. १६६ हा ६६ची शाखा, ७४८ हा ४८ची. आडनावावरून गाव ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागू नये.

शिकवावं लागतं ते इतकंच, की नवा क्रमांक नकाशात लिहिला म्हणून जुना माणसांच्या तोंडातून जात नाही. आमच्या टपरीवर थांबणारे ट्रकवाले आजही ‘एनएच फोर’च म्हणतात. एका नवशिक्याने हे ऐकून निष्ठेने ४८ खोडून ४ केला. त्याच रात्री दुसऱ्याने ४ खोडून ४८ केला. चार दिवस हा सामना रंगला. नियम असा आहे : चालू क्रमांक मुख्य रकान्यात, जुना क्रमांक ‘जुना क्रमांक’ या वेगळ्या रकान्यात. दोन्ही खरे, दोन्हींना जागा आहे. ही सोय बहुतेक घरांत नसते.

प्रकरण ४ : नाव

नावांच्या बाबतीत नकाशाकाराने तहसीलदाराचा संयम आणि उपाध्यायांची स्मरणशक्ती ठेवावी. एका रस्त्याला साधारणपणे तीन नावं असतात : पाटीवरचं, बोलण्यातलं आणि जुनं.

पुण्यातला एफ. सी. रोड घ्या. कागदोपत्री तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. पण ‘गोखले पथावर भेटू’ असं सांगून कुणी वेळेवर भेटल्याचं ऐकिवात नाही. मुंबईत एल. बी. एस. मार्गाला आग्रा रोड म्हणणारे अजून आहेत, आणि त्यांना आग्र्याला जायचं नसतं. नगर रोडची गंमत तर ताजी आहे. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण नगर रोड आपला नगर रोडच राहिला, कारण त्याने मुळात अर्धंच नाव घेतलं होतं. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

या सगळ्यांसाठी रकाने आहेत : मुख्य नाव, अधिकृत नाव, स्थानिक नाव, जुनं नाव, शिवाय मराठीतलं नाव वेगळं. समृद्धी महामार्गाचं पूर्ण नाव ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ आहे. ते अधिकृत नावाच्या रकान्यात पूर्ण लिहावं. नागपूरपासून ७०१ किलोमीटर लांबीचा रस्ता असल्यामुळे जागेची अडचण येत नाही.

आता आमचा बायपास. कात्रज ते देहूरोड, मूळ हेतू असा, की मुंबई-बंगळूर वाहतुकीने पुण्याला वळसा घालून जावं. पुणे हुशार. त्याने सरकत सरकत बायपासच पोटात घेतला. आता बायपासच्या दोन्ही अंगांना पुणेच आहे आणि वळसा नेमका कुणाला घालायचा, हा प्रश्न उरला आहे. तरी आम्ही ‘बायपास’च म्हणतो. चांदणी चौकाचंही तेच. २०२२च्या ऑक्टोबरात जुना पूल पाडला, २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे पूल आणि रॅम्प खुले झाले. त्या गुंत्यात चौक म्हणावा असा कोपरा शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. पण नाव चांदणी चौकच, आणि नकाशातही तेच लिहायचं. लोक ज्याला हाक मारतात आणि तो ‘ओ’ देतो, ते नाव.

जे लिहायचं नाही तेही सांगतो. ‘मोठा खड्डा असलेला रस्ता’ हे वर्णन झालं, नाव नव्हे. ‘आपल्या लाडक्या नगरसेवकांच्या प्रयत्नांतून साकारलेला रस्ता’ ही पाटी झाली. पाटी गंजेपर्यंत वाट बघावी.

प्रकरण ५ : सर्व्हिस रोड (परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे)

मी नकाशात काढलेला पहिला रस्ता म्हणजे माझ्या घरासमोरचा सर्व्हिस रोड. साहजिकच वर्ग निवडला ‘सर्व्हिस’. इतकं सरळ होतं, की कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

या नकाशात ‘सर्व्हिस’ म्हणजे पार्किंगमधली गल्ली, पेट्रोल पंपाच्या आतली वाट, बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता. वाट दाखवणारी ॲप त्याला शक्यतो टाळतात, कारण भल्या माणसाने दुसऱ्याच्या पोर्चमधून जाऊ नये. म्हणजे ज्या रस्त्यावर आमच्या सोसायटीसारख्या कैक सोसायट्या, दोन शाळा, एक मंगल कार्यालय आणि अगणित वडापाव आहेत, तो मी जगाला पोर्च म्हणून जाहीर केला होता.

त्यात दुसरी चूक. सर्व्हिस रोड काढला, पण हायवेवरून त्यावर उतरायचा कट काढलाच नाही. नकाशात दोन रेघा अगदी शेजारून, एकमेकींशी न बोलता चालल्या होत्या, भाऊबंदकीतल्या घरांसारख्या. त्या रविवारी मेहुणी सहकुटुंब साताऱ्याहून येत होती. दुपारी फोन आला.

“भावजी, तुमचं घर दिसतंय. तुम्ही गच्चीत उभे आहात तेही दिसतंय. पण फोन म्हणतोय अजून सहा किलोमीटर!”

मी हात हलवला. तिनेही हात हलवला आणि गाडी चांदणी चौकाच्या दिशेने निघून गेली. बासुंदी दोनदा गरम करावी लागली.

आठवड्याभराने एका अनोळखी नकाशाकाराने माझ्या बदलाखाली सौम्य टिपण्णी टाकली : आपल्याकडचा सर्व्हिस रोड हा शेजारच्या वस्तीसाठीचा साधा रस्ता असतो, त्याला त्याच्या कामाप्रमाणे वर्ग द्या, आणि कट जोडायला विसरू नका. मेहुणीने हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. त्यातून तयार झालेली नियमावली अशी :

एक. सर्व्हिस रोड महामार्गाला चिकटलेला असला, तरी त्याला महामार्गाचा मान मिळत नाही. साहेबांच्या ड्रायव्हरला साहेबाचा हुद्दा देत नाहीत. वस्तीतला असेल तर ‘रेसिडेन्शियल’, दोन वस्त्या जोडत असेल तर ‘अनक्लासिफाइड’, भागातली बरीचशी वाहतूक वाहून नेत असेल तर ‘टर्शरी’. हा समांतर रस्ता आहे, हे सांगायला वेगळी खूण आहे. ती लावा.

दोन. महामार्गाचा क्रमांक त्याला देऊ नका. ४८ क्रमांक मधल्या रस्त्याचा. एकदा दोघांनाही ४८ दिला, की ॲप म्हणतं ‘४८ वर राहा’ आणि माणूस तीनचाकी टेम्पोच्या मागे ‘४८’वर राहतो.

तीन. कट, रॅम्प, उतार, सगळे जोडरस्ते काढा. त्यांचाही वर्ग असतो : ट्रंक लिंक.

चार. पूल खालच्या रस्त्याशी जोडू नका. वरून पूल आणि खालून रस्ता जात असेल, तर दोन्ही रेघा एकमेकींवरून जाऊ द्या, पण गाठ मारू नका. गाठ मारलीत तर ॲप पुलाच्या मध्यावर शांतपणे सांगतं, ‘डावीकडे वळा’. आज्ञाधारक माणसं असतात हो.

पाच. एकेरी की दुहेरी? हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. पाटीवर एकेरी. प्रत्यक्षात समोरून येणारा मोटरसायकलवाला तुमच्याकडे असा बघतो, की चूक तुमचीच असावी. तरी नकाशात एकेरीच लिहा. नकाशा पाहून येणाऱ्याला कायदा दाखवावा. व्यवहार त्याला मोटरसायकलवाला दाखवेलच.

सहा. आमचा सर्व्हिस रोड ओढ्यापाशी संपतो आणि ओढ्यापलीकडे पुन्हा सुरू होतो. मधला तुकडा माया करून जोडू नका. जिथे नाही तिथे रस्ता काढायचा मान निवडणुकीच्या जाहीरनाम्यांचा आहे.

प्रकरण ६ : शिष्टाचार

दुसऱ्याचं काम खोडण्याआधी त्याला विचारा. प्रत्येक बदलासोबत एका ओळीत कारण लिहा. ‘सुधारणा’ हे कारण नव्हे, सुधारणा केल्याचा दावा प्रत्येक सरकार करतं. ‘आज प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, कट बंद केला आहे, मध्ये सिमेंटचे ठोकळे’ हे कारण. आणि वाद पेटलाच, तर दोघांनीही त्या जागी जाऊन यावं. आमच्याकडचा एक वाद असाच मिटला. दोघंही बरोबर निघाले, कारण एकाने कट पावसाळ्यापूर्वी पाहिला होता.

स्वाध्याय

प्र. १. फरक स्पष्ट करा : सर्व्हिस आणि सर्व्हिस रोड. (मेहुणीचा उल्लेख न करता.)

प्र. २. कारणे द्या : चांदणी चौकात चौक नसूनही तो चांदणी चौक आहे.

प्र. ३. जोड्या जुळवा : पिवळा दगड, हिरवा दगड, नारिंगी दगड, हार घातलेला दगड.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा : लेखकाच्या घरासमोरच्या सर्व्हिस रोडचे नाव ________ आहे.

उत्तरसूची (फक्त प्र. ४) : हा प्रश्न मी स्वतः सोडवायला गेलो. रस्त्यांवर फिरून नकाशाची माहिती भरायचं स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक ॲप आहे. एका संध्याकाळी त्याने माझ्या घरासमोरच विचारलं, या रस्त्याचं नाव काय? टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “सर्व्हिस रोड.” औषधाच्या दुकानात विचारलं. “सर्व्हिस रोड, बायपासचा.” शाळेच्या फाटकावरचे काका म्हणाले, “नाव कशाला पाहिजे? सगळे येतात की बरोबर.” पाटी शोधली. फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. शेजारचा महामार्ग दिल्लीहून चेन्नईला जाणारा, दोन क्रमांकांचा, नाना नावांचा. ज्या रस्त्यावर आमची दारं उघडतात, त्याला मात्र कुणी नाव ठेवलेलं नाही.

हात शिवशिवत होते. आजोबांचं नाव सुचलं, बायकोचंही सुचलं. पण त्या प्रश्नाखाली आणखी एक पर्याय असतो : ‘या रस्त्याला नाव नाही’. तो दाबला, की नकाशात तशी नोंद पडते. म्हणजे कुणी विसरला म्हणून रकाना रिकामा राहिलेला नाही. कुणीतरी चपला झिजवून, विचारून, खात्री करून तो रिकामा ठेवला आहे.

तेव्हा प्र. ४ची जागा भरू नये. पूर्ण गुण मिळतील.